किमान वेतनाची सुरुवात घरापासून

"किमान वेतन ही भीक नाही, हक्क आहे!" असं सुखदेव मेश्राम जयपूरच्या रेल्वे शेडच्या फाटकावर गरजले की टाळ्यांचा कडकडाट होई. युनियनच्या शाखा सचिवाची निवडणूक तोंडावर आली होती. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी सतरंज्या उचलल्यावर ती खुर्ची त्यांना जिवापाड हवी होती. घात केला तो विरोधी उमेदवार रणजीतनं. भर सभेत त्यानं विचारलं, "नेताजी, आपके घर की बाई को क्या देते हो?"

सुखदेवराव चपापले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण जणू त्यांच्यासाठीच जन्माला आली होती. तरी छाती काढून ते म्हणाले, "आज से सरकारी रेट!"

घरी रत्नमालाबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "काहून जी? मतं तुम्हाला पाहिजेत अन् पैसा माह्या घरखर्चातून?"

"इलेक्शन तर होऊ दे."

त्यांच्या कामवाल्या सुमनचा पगार वाढल्याची बातमी दुपारपर्यंत रेल्वे कॉलनीभर पसरली. संध्याकाळी घरोघर कामवाल्यांची एकच मागणी. "मेश्रामजी देते हैं, आप भी दो." जिथं नकार मिळाला, तिथं बायकांनी खरकटी भांडी तशीच टाकली आणि गोपालपुऱ्याच्या होस्टेलांत कामं शोधायला निघाल्या. मग कॉलनीत भांडी घासली कुणी? फाटकावर टाळ्या वाजवणाऱ्या त्याच हातांनी.

निवडणुकीत सुखदेवराव सपशेल आपटले. एक जुना सहकारी सांत्वनाला आला. त्याच्या नखांत अजून भांड्यांची काजळी होती.

"बात आपकी सही थी मेश्रामजी," तो म्हणाला, "पर घर तक नहीं लानी थी."

रत्नमालाबाईंनी त्याच दिवशी सुमनला जुन्या पगारावर आणलं. "नेता पडला, पगारबी पडला," त्या म्हणाल्या. सुखदेवरावांना फार लागलं.

दुसऱ्या सकाळी दाराबाहेर गलका झाला. कॉलनीतल्या साऱ्या कामवाल्या झेंडूचा हार घेऊन उभ्या होत्या.

"भाईसाब, हमने यूनियन बनाई है," सुमन म्हणाली. "आप अध्यक्ष!"

सुखदेवरावांचा ऊर भरून आला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना एकमतानं निवडलं होतं. हार गळ्यात पडताच त्यांनी विचारलं, "बोलो, मोर्चा कहाँ ले जाना है?"

"कहीं नहीं. पगार तो भाभीजी ने काटी है."

मागं उंबऱ्यात रत्नमालाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. सुखदेवरावांनी एकदा घराकडं पाहिलं, एकदा हाराकडं. मग घसा खाकरला, मूठ उगारली आणि नाव तेवढं गिळून आरोळी ठोकली, "...मुर्दाबाद!"

गिळलेलं नाव बायकांनी खणखणीत आवाजात भरून काढलं.