पाकिटातला कौल

मंगळवार हा माडभाटच्या आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या पेशंटांचा वार होता आणि तो डॉक्टर किशोरीनं भांडून मिळवलेला होता. मिळवला खरा, पण पेशंट टिकेनात. पहिल्या खेपेला यायचे, महिन्याच्या गोळ्या न्यायचे, बरं वाटलं की गायब व्हायचे आणि गणपती आटोपले की चक्कर येऊन रिक्षातून उतरायचे. वरच्या कार्यालयानं शेवटी दम भरला. सहा महिन्यांत लोक दिलेल्या तारखेला परत येताना दिसले नाहीत, तर मंगळवार बंद. ज्याला गोळ्या हव्यात त्यानं वेंगुर्ल्याला जावं. वेंगुर्ल्याला जायचं म्हणजे दोन एसट्या बदलायच्या, आणि त्यातली दुसरी कधी यायची तर कधी नाही. हौसाबाईसारखी सत्तरीची बाई गोळ्यांसाठी तेवढा प्रवास करणार नाही, तिला जे व्हायचं ते घरीच होईल, हे किशोरीला स्वच्छ दिसत होतं.

किशोरी हातपाय गाळणारी नव्हती. तिनं मुंबईच्या कॉलेजातल्या आपल्या जुन्या अनिश सरांना गाठलं. सरांचं म्हणणं असं, की संशोधनाला वेगळी इमारत लागत नाही. समोर आलेल्या पेशंटला तपासता तपासताच प्रश्नाचं उत्तर शोधायचं. मग ठरलं. निम्म्या पेशंटांना तारखेच्या आदल्या दिवशी आशाताईंनी फोन करायचा, निम्म्यांना नुसती तारखेची चिठ्ठी द्यायची आणि कशानं जास्त लोक परत येतात ते बघायचं. कुणाला फोन आणि कुणाला चिठ्ठी, हे कॉम्प्युटरनं आधीच उलटसुलट करून टाकलेलं. सरांनी एकशे वीस बंद पाकिटं पाठवली. नवा पेशंट आला की खिडकीवरच्या दत्तारामनं पुढचं पाकीट फोडायचं आणि आत निघेल ते वहीत लिहायचं. एवढं सोपं काम होतं.

पहिल्याच मंगळवारी हौसाबाईनं विचारलं, "ह्या फोन नायतर चिठी, ता कोण ठरयता?"

कॉम्प्युटरचं सांगून उपयोग नाही असं किशोरीला वाटलं, म्हणून तिनं अगदी सोपं करून सांगितलं. "हे मी ठरवत नाही, तुम्ही ठरवत नाही. कुणीच माणूस ठरवत नाही."

रांगेतल्या दोघातिघांनी हात जोडले. किशोरी मूळची नांदगावची, म्हणजे याच जिल्ह्यातली. या वाक्याचा अर्थ इकडे काय होतो हे तिला कळायला हवं होतं. पण मुंबईत एमबीबीएस करताना काही गोष्टी डोक्यातून निघून जातात. माणूस ठरवत नसेल, तर ठरवणारा इकडे एकच असतो. त्याचं मत घ्यायचं तर पाषाणाला पाकळ्या चिकटवून कौल लावतात; उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. माडभाटच्या देवळात हे काम पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराकडे होतं आणि त्या घरातला थोरला मुलगा सरकारी नोकरीत शिपाई म्हणून लागून नोंदणीच्या खिडकीत बसलेला होता. त्याचं नाव दत्ताराम.

दत्तारामनं मॅडमकडे पाहून समजुतीनं मान डोलावली. आपल्यावर किती मोठा विश्वास टाकला आहे, या विचारानं त्याचा ऊर भरून आला.

पुढचे महिने किशोरी हवेत होती. रिकाम्या पोटी या, म्हणून घसा कोरडा केला तरी भजी खाऊन येणारे लोक आता आंघोळ करून, चहासुद्धा न घेता आठ वाजता हजर असायचे. तारीख कुणी चुकवत नव्हतं. अधूनमधून बाहेरून एका सुरात काहीतरी ओरडल्याचं ऐकू यायचं, पण तिच्या कानांत स्टेथोस्कोप असायचा. लोकांत शिस्त आली, एवढंच तिनं मनाशी धरलं आणि आकडे सरांना पाठवत राहिली.

आकडे बघून सर हादरले. फोनवाले शंभरातले पंच्याण्णव परत आलेले आणि चिठ्ठीवालेही पंच्याण्णवच. सरांनी फोनवर थंड आवाजात सांगितलं, की असं मुंबईत होत नाही, पुण्यात होत नाही, तेव्हा माडभाटला होण्याचं कारण एकच, ते म्हणजे कुणीतरी घरी बसून वही भरतंय. आपण स्वतः येऊन बघू, आणि आकडे खरे आहेत असं पत्र आपल्या सहीनं गेलं तरच मंगळवार राहील. किशोरीला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सर मंगळवारी सकाळी आले ते न सांगता सरळ रांगेच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांना सामोरी जायला किशोरी बाहेर आली, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तिनं कानांत काही न घालता आपली ओपीडी ऐकली.

दत्ताराम खिडकीत हात जोडून उभा होता. समोर पाकिटांचा खोका, खोक्यावर जास्वंदीचं फूल.

"बा देवा म्हाराजा, ह्या हौसाबायचो प्रेशर एकशे सत्तरार गेलो हुतो, तो तू खाली हाडलंस, तसोच ऱ्हवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," रांग म्हणाली.

"आज जी काय तारीख पडात, त्या तारखेक जो कोण येवचो नाय, तेचा काय ता तू बघून घी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." हे जरा जास्तच जोरात झालं.

सरांनी पुढे होऊन खोक्यातलं एक फोडलेलं पाकीट उचललं. त्याच्या तोंडाला भाताची शितं चिकटलेली होती. "हे उघडून परत बंद केलंय?"

"पहिल्या खेपेक उजवो पडलो नाय तर तीनदा इचारूक गावता, सर," दत्ताराम अभिमानानं म्हणाला. मग समोर साहेब आहेत हे आठवून त्यानं भाषा बदलली. "म्हणजे, नियमानुसार."

चौकशी केली तर सगळंच बाहेर आलं. हौसाबाईचा कौल पहिल्यांदा चिठ्ठीचा पडला होता. तो तिनं मान्य केला नाही. "माझो झील फोन करता तो गणपतीक रजा गावना नाय म्हणान सांगूक," मुलाबद्दल ती म्हणाली. "बरी आसंय काय म्हणान इचारणारो एक तरी फोन माका होयो." यावर दत्तारामच काय, देवही नाही म्हणाला नसता, तिसऱ्या खेपेला फोन निघाला. तिच्यामागे उभ्या अस्लमभाईंचं असं, की ते पडले होडीवाले. कौलाच्या भानगडीत आपण नाही म्हणून त्यांनी पाकीट स्वतःच्या हातानं फोडलं होतं आणि त्यात फोन निघाला होता. "दर्यात रेंज नाय, फोन घेवन मी काय करू? माका चिठीच होई," असं म्हणून त्यांनी तो फणसाच्या झाडाखाली एकाच्या चिठ्ठीशी बदलला. रांगेत तेव्हापासून ही सोय सर्रास चालू होती. व्हय म्हाराजा मात्र अस्लमभाईही म्हणत. सगळे म्हणत असताना एकट्यानं गप्प राहणं त्यांना बरं दिसत नव्हतं.

किशोरीनं तोंड लपवलं नाही. चूक आपली, कुणीच माणूस ठरवत नाही असं आपणच सांगितलं, असं तिनं कबूल केलं. पण सर ऐकायच्या पलीकडे गेले होते. शास्त्र म्हणजे पोरखेळ आहे का, मी यावर सही करू का, असं ओरडता ओरडता त्यांचा चेहरा लाल झाला आणि ते बाकावर मटकन बसले. किशोरीनं सवयीनं त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. काटा एकशे ऐंशीवर.

"गोळ्या चालू आहेत ना, सर?"

"होत्या," सर म्हणाले. "मार्चमध्ये संपल्या. मग परीक्षा आल्या, मग ती दिल्लीची परिषद."

परिषदेत सरांनी पेशंट औषधं मध्येच का सोडतात या विषयावर भाषण केलं होतं. किशोरीला ते माहीत होतं, पण ती काही बोलली नाही.

हौसाबाई बोलली. "आणि तारीख खंयची दिली हुती तुमका?"

सर दंडाचा पट्टा सोडू लागले.

"आमच्याकडे असा कोण करणा नाय," हौसाबाई म्हणाली, आणि सगळ्या रांगेनं सरांकडे अशा काळजीनं पाहिलं की ते आणखीच लाल झाले. दत्तारामनं कुणी न सांगता हात जोडले. देवा म्हाराजा, हो परगावचो माणूस, शिकलेलो आसा पण समाजना नाय, तेका सांबाळून घी, असं त्यानं मनापासून सांगितलं आणि किशोरीनं गोळ्यांवर पुढच्या महिन्याची तारीख लिहून दिली. सहीचं सरांनी काहीच सांगितलं नाही. पत्राचं कळवतो, म्हणाले आणि गेले.

किशोरीनं सरांना पाठवलेल्या अहवालात सगळं खरं लिहिलं. शितं लिहिली, फणसाचं झाड लिहिलं, दत्तारामनं देवाला घातलेलं गाऱ्हाणं तर शब्दशः उतरवलं. उत्तर आलं नाही. महिना संपत आला तशी ती मंगळवार गेला असंच धरून चालली आणि हौसाबाईला दोन एसट्यांची वेळ कशी समजावून सांगायची याचा विचार करू लागली.

तारखेच्या मंगळवारी आठ वाजता रांगेत हौसाबाईच्या मागे एक ओळखीचं टक्कल दिसलं. सर रात्रीच्या गाडीनं आले होते. नुसते फेरपाहणीला आलोय, असं त्यांनी सांगितलं. पण आंघोळ झालेली होती आणि चहा विचारला तर नको म्हणाले. काटा एकशे बत्तीसवर थांबला. सरांनी बॅगेतून पत्र काढून टेबलावर ठेवलं. फोन आणि चिठ्ठीची तुलना साफ फसली, पण लोक परत आले हे खरं, मी स्वतः पाहिलं, असं त्यात लिहिलं होतं आणि खाली सही होती. मंगळवार राहिला होता. किशोरीला रडूच आलं, ते तिनं वहीत डोकं घालून लपवलं.

"पुढची तारीख पंधरा," ती म्हणाली. "तुम्हाला फोन करू की चिठ्ठी देऊ?"

"हे तू कशी ठरवणार?" सर म्हणाले आणि बाही खाली करत उठून खिडकीपाशी गेले.

पाकिटं केव्हाच संपली होती. दत्तारामनं एक जुनं काढलं आणि डब्यातलं भाताचं शीत घेऊन ते बंद करायला सुरुवात केली.