डाव्या गालावरचा तीळ

शिष्यवृत्तीच्या पडताळणीचा शेवटचा दिवस होता आणि रांगेत उभ्या उभ्या छकुली अर्जाकडे बघतच राहिली. अर्जावरच्या फोटोतली मुलगी ती नव्हतीच.

म्हणजे मूळची तीच होती, पण तिच्या बाबांनी तिला तसं राहू दिलं नव्हतं. बाबांचा फोटो स्टुडिओ. आहे तसा चेहरा गिऱ्हाइकाच्या हातात देण्यात त्यांना अपमान वाटायचा, गिऱ्हाइकाचाही आणि धंद्याचाही. मग पोटच्या पोरीला सोडतात होय! त्यांनी तिचं नाक सरळ केलं, पुढे आलेला दात आत ढकलला, चष्मा उडवला आणि डाव्या गालावरचा ठसठशीत तीळ साफ पुसून टाकला. त्याच अर्जात दोन ओळी खाली छकुलीने भरलं होतं, 'ओळखीची खूण: डाव्या गालावर तीळ.' अर्ज परस्पर पाठवून बाबा मोकळे झाले होते. छापील प्रत तिच्या हातात पडली ती आज, रांगेत.

"बाबा, हे काय करून ठेवलंत?"

बाबांनी फोटो कौतुकाने न्याहाळला. "कसली गोड दिसतेस गं!"

"ही मी नाहीये! ती पाटी वाचा."

खोटी माहिती देणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होईल, असं भिंतीवर ठळक लिहिलं होतं. बाबांचा चेहरा खाडकन उतरला. त्यांनी खिशातून पेन काढलं. "बारीक टिंब काढू का? माझा हात साफ आहे."

"आणि नाक?"

बाबांनी पेन गुपचूप खिशात ठेवलं.

शिष्यवृत्ती नाही तर कॉलेज नाही, हे घरात ठरलेलंच होतं. मग काय, काउंटरवर बसून जन्मभर लोकांचे तीळ पुसायचे! तेवढ्यात पुढची मुलगी डोळे पुसत बाहेर आली. सही जुळत नाही म्हणून तिला परत पाठवलं होतं. नुसती सही! इथे तर अख्खी पोरगी जुळत नव्हती.

आत टेबलामागे पडताळणी करणारे साहेब बसले होते. डोक्यावर चकचकीत टक्कल, कपाळावर कायमची आठी.

"ही कोण?" त्यांनी फोटोवर बोट ठेवलं.

"मी," छकुली म्हणाली.

"बहिणीचा फोटो लावलास?"

"छे हो, एकुलती एक आहे!" बाबा घाबरून मधेच बोलले. "दोघीही एकच आहेत."

"याला तोतयेगिरी म्हणतात. मला वर कळवावं लागेल." साहेबांनी फोन उचलला. बाबांची नजर वर करायची हिंमत होईना. त्यांची नजर साहेबांच्या छातीवरच्या ओळखपत्रापाशीच अडकली.

ओळखपत्रावर दाट काळ्या केसांचा, डावीकडे भांग पाडलेला एक देखणा गृहस्थ हसत होता.

"अहो साहेब," बाबांच्या तोंडून निघून गेलं, "हा भांग मी पाडलाय!"

साहेबांनी फोन खाली ठेवला. दुसरा हात ओळखपत्रावर गेला. "दार लावा आधी," ते हळूच म्हणाले.

झालं, आता पोलीसच येणार, छकुलीने डोळे मिटून घेतले. बाबांनी दार लावलं. पण साहेबांनी टेबलावरचा कॅमेरा तिच्याकडे वळवला. "फोटो जुळत नसेल तर समोर बसवून नवीन काढता येतो, असा नियम आहे. चष्मा राहू दे." फोटो निघाला. त्यात नाक होतं, दात होता, तीळही होता. बाबांनी मान फिरवली. साहेबांनी अर्जावर 'मंजूर'चा शिक्का मारला आणि छकुलीला रडूच कोसळलं.

"आता माझं एक काम करा," साहेब कपाळ पुसत म्हणाले. "हजेरीचं नवीन यंत्र या फोटोमुळे मला ओळखतच नाही. सोमवारी वरच्यांनी जाब द्यायला बोलावलंय. मला एक फोटो हवाय, आहे तसा."

"आहे तसा?" बाबांना धक्काच बसला. "म्हणजे निदान कानाजवळ थोडे..."

छकुलीने डोळे पुसले आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, उद्या स्टुडिओत या," ती म्हणाली. "फोटो मी काढते. बाबा बाहेर बसतील."