अडकलेल्या रुमालाची हकीकत

श्री. अडकलेले सोडविणारा जो गजवदन, त्यास दंडवत करोन, आणि वाचणारांस नमस्कार करोन, दफ्तरचा एक कारकून हकीकत लिहितो. कारकुनाचे नाव पुसों नये, पुसोन काय करणार? शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, चैत्र शुद्ध पंचमी, ते दिवशी राज्यांत यंत्रदूत बसविला, आणि पुढील सर्व त्यापासोन जाहले.

राज्य कोणते ते लिहिण्याची आज्ञा नाही. उद्योग येवढाच की उंच इमारतींच्या लिफ्टा चालत्या ठेवाव्या. राजधानी डोंगरावर, कामे सात परगणियांत. रीत ऐसी होती की परगणियांतील माणसाने इमारतीच्या माथ्यावरील यंत्रखोलीत चढावे, मोडल्या भागाचा फोटो काढावा, फाईलीस नाव द्यावे, आणि मेघदफ्तरांत, ज्यास लोक क्लाऊड म्हणतात, तेथील रुमालांत ठेवावी. रुमाल म्हणजे फोल्डरच, जुने दफ्तरी कागद रुमालांत बांधीत म्हणोन आम्ही तोच शब्द चालवितो. मग राजधानीत चिटणीसाने ती फाईल पाहावी आणि गाऱ्हाण्यांचा फड म्हणोन जे दुसरे सॉफ्टवेअर, त्यांत तिकीट उघडावे, कारागीर नेमावा, आणि काम जाहलियावर तिकीट बंद करावे. मेघदफ्तर आणि फड यांचे आपसांत बोलणे नव्हते. मधे माणूस होता, तो रंगनाथपंत कुंभोजकर. वय अठ्ठेचाळीस, आईच्या आजारपणांत लग्नाचे राहोन गेले, मग आईही गेली. अक्षर मोत्यासारखे, आणि ते कोणी पाहात नाही याची खंत फार.

आणि दक्षिण परगणियांत, समुद्रकाठी, यंत्रखोल्या चढणारी कस्तुराबाई वाघचौरे. नवरा वारोन बारा वर्षे जाहली होती, बाई एकटी राही आणि पंचवीस मजले पायी चढे, कारण लिफ्ट तर बंदच असे. बाई फाईलीस नाव देई ते ऐसे: "इमारत ४१२, दोर झिजला, ऊन फार आहे." पंतांनी तिकीट उघडावे आणि शेऱ्यांत, जो बाईच्या फोनवर दिसे, लिहावे की दोर पाठविला, डोईस काही बांधावे. मग बाईची दुसरी फाईल येई: "इमारत ९०, दार अडते, डोईस बांधले." ऐसे करितां सहा वर्षे गेली. भेट एकदाही नाही. फोटोच्या कोपऱ्यांत कधी बाईचा डबा दिसे, कधी खिडकीतोन समुद्र, आणि एकदा चपला दिसल्या, त्यांतील एकीचा अंगठा शिवलेला, तर पंतांनी शेऱ्यांत लिहिले की नव्या घ्याव्या, वर चढणे असते. बाईने नव्या घेतल्या आणि त्यांचाही फोटो कोपऱ्यांत आणिला. आम्ही पंतांचे शेजारी बसत असों, थट्टा करीत असों की पंत, आज लिफ्ट मोडली नाही तर आपणांस जेवण जाईल काय? पंत हसत आणि मान खाली घालीत. लबाडी येत नव्हती त्यांस.

आता ऐका, मसलत कोणाची? पंतांचीच. रोजच्या ऐंशी फाईली, ऐंशी तिकिटे, बोटे दुखोन आली, रजा म्हणोन मिळेना. त्यांनी मनांत धरिले की हे काम यंत्राकडे दिले तर हात मोकळे होतील, मग आठ दिवस रजा काढोन दक्षिणेस जावे, बाईस समोर पाहावे, आणि सहा वर्षे जे शेऱ्यांत मावले नाही ते पुसावे. हे आम्हांस त्यांनी चहा पितां पितां सांगितले, कान लाल जाहले होते. मग दरबारांत अर्ज केला की फाईल रुमालांत पडतांच यंत्रदूताने नाव वाचावे, तिकीट आपोआप उघडावे, कारागिरास वर्दी द्यावी. मात्र नाव ठरल्या साच्यांतच असावे, इमारतीचा अंक, भागाचे नाव, महिना, अधिक अक्षर नको. जी फाईल साच्यांत बसणार नाही ती "अडकलेले" या रुमालांत जावी. महाराज खुश जाहले, शाल दिली. आणि पुसिले, "अडकलेले कोणी पाहावे?"

पंत शालीच्या भरांत बोलिले, "अडकणारच नाही, महाराज. साचा चोख आहे. पाहणारा नेमावा ऐसी गरज नाही."

तैसेच हुकुमांत लिहिले गेले. पाहणारा: कोणी नाही.

यंत्रदूत बहुत चोख चालला. बाईच्या फाईली येऊं लागल्या, "४१२-दोर-चैत्र", येवढेच, आणि तिकिटावर यंत्राचा शेरा पडे की आपली नोंद झाली आहे, धन्यवाद. पंतांचे हात मोकळे जाहले, तो महाराजांनी त्यांत सात परगणियांचे साप्ताहिक अहवाल दिले, आणि रजा जेथील तेथे. पंत रोज दक्षिणेच्या फाईली उघडोन पाहात, कोपरे धुंडीत. कोपरेही आता रिकामे, कारण यंत्रास भाग जवळोन लागे, आणि फाईल कोणी पाठविली तेही साच्यांत कळेना. पंतांनी समजोन घेतले की बाईस आपली गरज राहिली नाही. फोन उचलीत आणि ठेवीत. आम्ही म्हणालों की करा की फोन, त्यावर म्हणत की कोणत्या कामानिमित्त करूं? जीव तुटत होता आमचा, पण करतां काय?

ऐसे अकरा महिने गेले. फाल्गुनांत मेघदफ्तर भरले, आणि आज्ञा जाहली की निरुपयोगी ते पुसोन टाकावे, प्रथम अडकलेल्यांचा रुमाल. मसलत पंतांची, म्हणोन पुसण्याचे कामही पंतांस. त्यांनी टाकण्यापूर्वी सहज उघडिला. आंत त्रेचाळीस फाईली. सर्व दक्षिण परगणियाच्या. बाईने लिहिणे सोडिले नव्हते. साच्यांतील फाईल यंत्रास दिली होतीच, आणि तीच पुन्हा आपल्या जुन्या रीतीच्या नावाने पंतांस पाठविली होती, आणि यंत्रदूताने साचा चुकला म्हणोन इमानाने इकडे टाकिली होती. पंत एकेक वाचीत गेले. "इमारत ९०, दार, चिटणीस आज बोलत नाहीत." "इमारत ३३, वंगण, आजारी आहात काय?" "इमारत ४१२, पुन्हा दोर, आपण सांगितले म्हणोन डोईस बांधिते अजून." ज्येष्ठांतील, श्रावणांतील, दिवाळीची एक, तींत यंत्रखोलीच्या उंबऱ्यावर पणती. आणि शेवटची मार्गशीर्ष पौर्णिमेची, फोटो नुसत्या चपलांचा, नाव येवढे लांब की पडद्याबाहेर गेले:

"चिटणीस, गुडघे राहिले नाहीत, आज नोकरी सोडली. बहिणीच्या गावी बोरतळ्यास जाते. रविवारी दुपारची गाडी येते, तेव्हां स्टेशनाच्या बाकावर बसेन. चार रविवार बसेन. अधिक वाट पाहाणे शोभत नाही."

पंतांनी बोटांवर मोजिले. चार रविवार सरोन दोन महिने होत आले होते. फोन लाविला, तर बाईचा क्रमांक राज्याचा, तो नोकरीबरोबरच बंद जाहला होता. आम्हांस सांगा, दोष यंत्राचा काय? त्याने तर एकही फाईल हरविली नाही. मग पंतांनी आपल्या हाताने एक तिकीट उघडिले, अकरा महिन्यांत पहिले: "कस्तुराबाईंस उत्तर देणे." नेमलेला कारागीर, रंगनाथ कुंभोजकर. महाराजांची नजर पडली, म्हणाले हे राज्याचे काम नव्हे, बंद करा. पंतांनी दरबारांत प्रथमच मान वर केली.

"माझे आहे, महाराज. जाहले म्हणजे मीच बंद करीन."

आणि शाल घडी घालोन मेजावर ठेविली आणि रजेचा अर्ज न देतां निघोन गेले. अडकलेल्यांचा रुमाल पाहण्यास महाराजांनी आम्हांस नेमिले. आम्ही रोज सकाळी प्रथम तोच उघडितों.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, चैत्र वद्यांत, सोमवारी, त्यांत एक फाईल सापडली. स्टेशनाचा बाक, लाकडी, रिकामा, एका टोकास पंतांची पिशवी. नाव: "बोरतळे, घरास कुलूप. शेजारीण म्हणते भाचीच्या बाळंतपणास दोघी परगावी गेल्या, केव्हां येतील ठाऊक नाही. गाडी आली, गेली. पुढील रविवारी पुन्हा बसेन. मी रविवार मोजले नाहीत."

तेव्हांपासोन दर सोमवारी एक फाईल येते. बाक तोच, पिशवी तीच. यंत्रदूत साचा चुकला म्हणतो, आणि आम्ही पंतांच्या तिकिटाचे शेऱ्यांत लिहितों की पावली, डोईस काही बांधावे, ऊन फार आहे.

तात्पर्य, राज्यांत आजचे तारखेस लिफ्टा चालत्या, तिकिटे सर्व बंद, एक उघडे. ते बंद करण्याचा अधिकार आम्हांस नाही. लिहिले ते पाहिले, पाहिले तेच लिहिले. लेखनसीमा.