दोन थेंब कमी

खंदारेमामा रस्त्यात भेटले की नमस्कार करत नसत. समोरच्याच्या डोळ्याखाली अंगठा टेकवून खालची पापणी ओढत, आतली लाली बघत आणि अंगात रक्त किती ते सांगत. "साडेदहा. पालक खात जावा." हाच त्यांचा रामराम. एका लग्नात तर हार घालायच्या आधी त्यांनी नवरदेवाचीच पापणी ओढली, "बारा. चालतंय," म्हणून मंजुरी दिली आणि जेवायला बसले.

मामा परभणी जिल्ह्यातल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात रक्त-लघवी तपासत. शिक्षण सातवी. शिपाई म्हणून लागलेले, एका जुन्या डॉक्टरने हाताखाली घेऊन शिकवलं आणि हळूहळू प्रयोगशाळा म्हणजे मामा असं होऊन बसलं. प्रयोगशाळा म्हणजे तरी काय, एक खिडकी, एक टेबल आणि एक मायक्रोस्कोप. सत्तरच्या दशकात मी औरंगाबादहून लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा घेऊन तिथे रुजू झालो, तेव्हा मामांनी आधी माझी पापणी ओढली.

"अकरा," ते म्हणाले. "डिप्लोमा करून बी अकराच?"

तेव्हापासून माझं नाव डिप्लोमा पडलं. "काय डिप्लोमा, चहा घेतलाव का?" असं ते भर व्हरांड्यात ओरडत. माणसांची नावं त्यांच्या लक्षातच राहत नसत. पोस्टमास्तर म्हणजे 'नऊवाले', तहसीलदार म्हणजे 'साडेचौदा'. "लय खाल्लेला माणूस हाय," असं वर सांगत. मला हे सगळं अडाणीपणाचं वाटे आणि मी ते तोंडावर दाखवीतही असे. राग याचा यायचा की मलेरियाची काच मी पंधरा मिनिटं बघत बसावी आणि मामांनी एकदा डोळा लावून म्हणावं, "हे काय, अंगठी घालून बसल्यात की." बघावं तर खरंच, तांबड्या पेशीत अंगठीसारखा जंतू.

मग वरून हुकूम आला. ज्यांच्याकडे डिप्लोमा नाही, त्यांनी अनुभवाच्या जोरावर एकदा परीक्षा द्यावी. पास झाले तर टेक्निशियन, नाही तर मूळच्या जागेवर, म्हणजे शिपाई.

"कागदाला सुई टोचून बघा, डिप्लोमा," मामा म्हणाले. "थेंब निघाला तर मला सांगा."

पण त्या दिवसापासून त्यांनी कुणाची पापणी ओढली नाही. दवाखान्यामागच्या खोलीत ते एकटेच राहत. पांढरा अ‍ॅप्रन स्वतः धूत, तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री करत. त्यांच्याजवळ दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतंच. चार दिवसांनी माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "मला शिकवताव का?"

मी शिकवलं. पुस्तकातली नावं त्यांनी घोकली. सगळं जमलं, फक्त हिमोग्लोबिन अडलं, आणि तेच त्यांचं रोजचं काम. रक्ताचा थेंब आम्लात टाकला की तपकिरी होतो. त्यात थेंबथेंब पाणी घालायचं, शेजारच्या काचेच्या रंगाशी रंग जुळला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा लिहायचा. पाणी कमी पडलं तर आकडाही कमी येतो. माझं साडेआठ आलं की मामांचं पावणेआठ.

"मामा, रंग अजून गडद आहे. आणखी दोन थेंब."

"हां, हां," म्हणत ते थेंब घालत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटलं, नजर गेली. त्यांना चष्मा करायला लावला, खिडकीचं तावदान पुसून घेतलं. पुरुषांचे आकडे मात्र त्यांचे काट्यावर यायचे, हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही.

मामा परीक्षेला गेले. तोंडी परीक्षेत परीक्षक खूश होते म्हणे. हिमोग्लोबिनमध्ये मामा नापास झाले. महिन्याभरात त्यांनी अ‍ॅप्रन घडी करून माझ्या टेबलावर ठेवला आणि खाकी कपडे घालून दाराशी स्टुलावर बसले.

मी चिडलो. इतके दिवस डोकेफोड केली ती कशासाठी? "मामा, दोन थेंब. दोनच थेंब घालायचे होते," मी म्हणालो.

"समजत होतं की," मामा म्हणाले. "पर बाटलीवर चिठ्ठी होती. स्त्री, वय बावीस. हात थांबला. लय जोर केला, न्हाई पडलं पाणी."

आमच्याकडे लोहाच्या गोळ्या आणि दुधाची पावडर कमी यायची. आठाच्या खाली भरणाऱ्या गरोदर बाईलाच हे दोन्ही द्यायचं, असा नियम होता. मलाही तो पाठ होता. वालूर, झरी अशा खेड्यांतून आलेली बाई आठाच्या वर भरली की मी तसं लिहून तिला वाटेला लावत असे.

"आमच्या मंडळीला सातवा लागला होता," मामा दाराबाहेर बघत म्हणाले. "तिचं रक्त म्याच तपासलं. नवाच शिकलो होतो, पर हात लय बसला होता. थेंबभर चूक हू दिली न्हाई. आठ पूर्णांक दोन. मोठ्या ऐटीत लिव्हलं. गोळ्या मिळाल्या न्हाईत. बाळंतपणात गेली, लेकरू बी गेलं." मग म्हणाले, "बरोबर लिव्हलं होतं म्या."

मला माझी लाज वाटली. हिमोग्लोबिनमध्ये मला पैकीच्या पैकी मार्क होते.

बाहेर बाकावर बायका ताटकळत होत्या. मामा उठले. पहिल्या बाईला, पोट सावरत उठणाऱ्या एका पोरसवदा मुलीला, हाताला धरून आत घेऊन आले आणि माझ्यासमोर बसवलं.

"भिऊ नको माय," ते तिला म्हणाले. "सायब आपलेच हायत."