जेरंड आणि चार नंबरची बरणी

इंग्रजी व्याकरणातल्या जेरंडवर तासभर बोलून चाळीस बायकांना जागं ठेवीन, एकीलाही पेंगू देणार नाही, असं कथबर्ट ॲक्रॉइडने न्याहारीच्या टेबलावर जाहीर केलं.

"बघू," त्याची बायको मुरिएल म्हणाली. "आधी टोस्ट खा."

कथबर्टने छत्तीस वर्षं यॉर्कशरमधल्या शाळेत इंग्रजी शिकवलेलं. रविवारी चॅपलमध्ये प्रवचनाला उभा राहिला की मधूनच त्याचा सूर लागायचा, आणि एकदा लागला की थांबायचं विसरायचा. त्यामुळे गावच्या महिला मंडळाचं बोलावणं आल्यापासून सहा आठवडे घरात जेरंडचाच पूर्वरंग चालला होता. मुरिएल पायऱ्या झाडत असली की हा मागे उभा. "क्रियापद शेपटीला 'इंग' लावून नामाच्या खुर्चीत बसतं. 'पत्रं लिहिणं मला आवडतं.' बसलंय नामाच्या जागी, पण पत्रांचा हात काही सोडत नाही. कळलं?"

"कळलं. पाय उचल."

मुरिएलचं दुःख वेगळंच होतं. मंडळाच्या मार्मलेडच्या, म्हणजे संत्र्याच्या मुरंब्याच्या, स्पर्धेत नऊ वर्षं तिचा दुसरा नंबर. पहिला कायम अध्यक्षीणबाई मिसेस थ्वेट यांचा. मार्मलेडची कडू संत्री बाजारात येतात जानेवारीत, तीही जेमतेम तीन आठवडे. वर्षाला एकच संधी. यंदा चषक घरी आणायचाच, असं तिने ठरवलं होतं.

व्याख्यान रंगलं. शब्द लॅटिनमधून आला, मूळ अर्थ वाहून नेणं, पार पाडणं, हे कथबर्टने अशा तन्मयतेने सांगितलं की विणकाम करणाऱ्या दोघींच्या सुया थांबल्या. झोपलं कोणीही नाही. तो कृतार्थ होऊन बसणार, तोच मिसेस थ्वेट उठल्या. "आता प्रथेप्रमाणे आजचे वक्ते मार्मलेडचा निकाल देतील."

ही प्रथा कथबर्टला कोणी सांगितलीच नव्हती. समोर सहा बरण्या, नावं नाहीत, नुसते आकडे. त्याने मुरिएलकडे पाहिलं. मुरिएल छताकडे पाहत होती.

त्याने स्वतःला धीर दिला. चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिची चव जीभ ओळखणारच. न्यायही होईल आणि संसारही टिकेल.

पाच नंबरचा चमचा तोंडात गेला आणि त्याचे डोळे मिटले. हीच मुरिएल. त्याने पहिला नंबर देऊन टाकला. मग, जोर चढला होताच, म्हणून चार नंबरची बरणी उचलून दाखवली. "ही मात्र करपलीय. करणाऱ्या बाईंचं लक्ष भलतीकडेच होतं."

नावांची पाकिटं फुटली. पाच नंबर मिसेस थ्वेट. चार नंबर मुरिएल ॲक्रॉइड.



"मुरिएल," मिसेस थ्वेट हळूच म्हणाल्या, "तुझं कधी करपत नाही गं."

मुरिएल उठली. "पातेलं चुलीवर होतं. हा मला कोपऱ्यात गाठून शब्द कुठून आला ते सांगत होता. लॅटिनपर्यंत पोचला तेव्हा वास सुटला."

"मग स्पर्धेला ठेवलंस कशाला?" कथबर्ट पुटपुटला.

"तीन आठवडे रोज टोस्टला लावून खातोयस. एकदा तरी तोंड वाकडं केलंस का? मला वाटलं, जमलंय."

व्याख्यानाला आला नव्हता एवढा हशा आता आला. डोळे पुसत मिसेस थ्वेट यांनी कथबर्टला पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाचं आमंत्रण तिथल्या तिथे दिलं. मुरिएलने ते त्याच्या वतीने एका अटीवर स्वीकारलं: जानेवारीत कथबर्टने तयारी बागेतल्या खोपटात करायची.

घरी करपलेल्या अकरा बरण्या उरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली एक टेबलावर आली.

"तुझं मानधन," मुरिएल म्हणाली.

कथबर्टने टोस्टला जाड थर लावला. 'संपवणं' हाही जेरंडच, असं अगदी ओठावर आलं होतं. पण मुरिएलच्या हातात अजून लाकडी पळी होती. तो मुकाट्याने चावत राहिला.