गेटवर आई आल्यात

रविवारी संध्याकाळी छबूबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या आणि त्यांचा मुलगा गणराज बाल्कनीत फोनवर साहेबांशी बोलत होता. बाल्कनीचं दार उघडं होतं. ताथवड्याचा फ्लॅट तो केवढा, आणि छबूबाईंचे कान तयार झालेले हिंगोलीच्या मोकळ्या रानात.

"आईपुढं कुणाचं काही चालत नाही सर," गणराज म्हणत होता. "उठता-बसता खोट काढते. हे असंच का, ते तसंच का. नाही नाही, घरी कशाला? हॉटेलातच ठेवू. चार दिवस हो ला हो करायचं, शुक्रवारी गाडीत बसवून दिलं की सुटलो."

छबूबाईंच्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली. गुडघे दाखवायला म्हणून त्या दोन महिन्यांपूर्वी मुलाकडे आल्या होत्या. खोट काढतात हे काही खोटं नव्हतं. कालच सुनेच्या वॉशिंग मशीनला त्यांनी 'मळ हलवून परत तिथंच ठेवतं' असा शेरा दिला होता. पण म्हणून हॉटेलात?

त्या रात्री त्यांनी दोन घास खाल्ले आणि "भूक न्हाई" म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

आता खरी गोष्ट अशी, की गणराज बोलत होता ती आई वेगळीच होती. चाकणला त्याच्या कंपनीत जपानहून तपासणीला येणाऱ्या बाईंचं नाव होतं आई सातो. कंपनीत आधीच तीन सातो येऊन गेल्यामुळे सगळे त्यांना पहिल्या नावानं ओळखत. जपानीत या नावाचा अर्थ प्रेम. चाकणमध्ये त्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. आणि इंग्रजी ई-मेलमध्ये हे नाव AI असं येई, तो वेगळाच घोळ. गेल्या वर्षी 'सोमवारी AI येत आहे' अशी सूचना फळ्यावर लागली, तेव्हा आता यंत्रं आपल्या नोकऱ्या खाणार म्हणून कामगारांनी जेवणाच्या सुट्टीत सभा भरवली होती. तेव्हापासून मॅनेजर उद्धवराव कटाक्षानं मराठीत 'आई' असंच लिहीत आणि म्हणत.

सोमवारी गणराज पहाटेच गेला. छबूबाई सोसायटीच्या बाकावर येऊन बसल्या आणि शेजारच्या कुसुमताईंपुढं त्यांचा बांध फुटला. कुसुमताई मूळच्या ताथवड्याच्या. जिथं आज सोसायटी आहे, तिथं त्यांचा ऊस होता.

"असं म्हनला? सख्खा ल्योक?" कुसुमताई उठून उभ्याच राहिल्या. "मग तुमी इचारलं न्हाई त्याला?"

"काय इचारू? वरून त्याचा साहेबच त्याला शिकवायलाय वाटतं. सारखं 'हो सर, हो सर' चालू होतं."

"मग साहेबालाच इचारू की! तुला आई हाय का न्हाई म्हनावं. चला, गाडी काढते."

गाडी म्हणजे त्यांच्या मुलाची भलीमोठी पांढरी जीप. कुसुमताईंनी उमेदीत ट्रॅक्टर चालवला होता. त्यामानानं जीप म्हणजे त्यांना खेळणं वाटे.

कंपनीच्या गेटवर त्या दिवशी सोपानराव होते. नोकरीचा पहिलाच आठवडा. उद्धवरावांनी त्यांना बजावलं होतं, "सकाळी आई येणार आहेत. मोठ्या पाहुण्या आहेत. अडवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. पुष्पगुच्छ द्यायचा आणि सन्मानानं वरच्या हॉलमध्ये न्यायचं." कुणाची आई, हे विचारायचं सोपानरावांच्या जिभेवर आलं होतं. पण साहेब एवढं बजावतायत म्हणजे साहेबांचीच आई असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

पांढरी जीप करकचून थांबली. मागून छबूबाई उतरल्या. डोक्यावर पदर, डोळे लाल.

"कोण आपण?" सवयीनं सोपानरावांच्या तोंडून गेलंच.

"मी आई हाय," छबूबाई म्हणाल्या. "आज मला कुणी अडवायचं न्हाई."

सोपानरावांनी खाडकन सलाम ठोकला. "या, या आई! सकाळपासून तुमचीच वाट बघतोय राव आम्ही!"

काय होतंय ते कळायच्या आत छबूबाईंच्या हातात गुलाबांचा गुच्छ आला. आत रिसेप्शनवरच्या दिपालीनं ओवाळलं. पाहुण्या जपानी वाटत नव्हत्या, पण सोपानराव म्हणतात आई, बाई स्वतः म्हणतात आई, आणि मागच्या टीव्हीवरही तेच. दिपालीनं जास्त विचार केला नाही.

टीव्हीवरची अक्षरं छबूबाईंनी एकेक करून लावली. "स्वागतम्... आई... सान. सान म्हंजे?"

"सान म्हंजे लहान. सानथोर न्हाई का म्हनत?" कुसुमताईंनी उलगडा केला. "लाडानं लिवलंय." जपानीत सान म्हणजे आपलं 'जी', हे त्यांना कोण सांगणार?

छबूबाईंचा राग गुच्छातच विरघळायला लागला. पोरानं आपल्याला न सांगता एवढा थाट मांडला! वरच्या हॉलमध्ये मऊ खुर्ची, समोर काजू आणि कपात हिरवट पाणी. "चहा हाय म्हनं," कुसुमताई कपात डोकावून म्हणाल्या, "दूध नासलं असंल." छबूबाईंनी त्यातही खोट काढली नाही. पाणी द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या फक्त "जेवलास का रे?" विचारत होत्या.

तिकडे उद्धवराव आणि गणराज खऱ्या पाहुणीला घेऊन चौकातल्या कोंडीत अडकले होते. सगळी कोंडी पार करून गाडी एकदाची गेटवर आली, तर सोपानराव हसतमुखानं पुढे झाले. "साहेब, आई कधीच आत गेल्या!"

"काय बोलताय? आई गाडीत बसल्यात," उद्धवराव म्हणाले.

सोपानरावांनी मागच्या सीटकडे वाकून पाहिलं. तिथून जपानी बाईंनी नम्रपणे मान लववली. "या पण आई? मग त्या कोण, साहेब?"

"कोण त्या?"

"आई!"

गणराज धावतच वर गेला. मागोमाग उद्धवराव, आई सातो आणि सोपानराव. दारात मुलगा दिसताच छबूबाईंचे डोळे भरून आले.

"गणू, मी तुझ्यावर उगाच डूख धरला रे! काल तू फोनवर म्हनलास, आई उठता-बसता खोट काढती, हॉटेलात ठेवू, गाडीत बसवून दिलं की सुटलो. मला वाटलं, मलाच म्हनायलास. आन् इथं तर तू..."

आई सातोंच्या हातातल्या मोबाइलमध्ये भाषांतराची सोय होती. त्या यंत्रानं इमानेइतबारे सगळं खणखणीत इंग्रजीत ऐकवलं. खोट, हॉटेल, गाडी, सुटलो, काहीच गाळलं नाही.

आई सातोंनी एकदा छबूबाईंकडे पाहिलं, एकदा गणराजकडे. मागच्या खेपेला शिकलेलं मराठी जुळवून त्यांनी हळूच विचारलं, "गणराज-सान, कोणती आई?"

'ही' म्हणावं तर जन्मदात्री दुखावते, 'ती' म्हणावं तर कंपनीची तपासणी बोंबलते. गणराजनं उद्धवरावांकडे पाहिलं. उद्धवराव छताचा पंखा बघत होते.

छबूबाईंनी मुलाचं तोंड पाहिलं. शाळेत काच फोडून आला होता, त्या दिवशी असंच झालं होतं. मग त्यांनी त्या परक्या पोरीकडे पाहिलं.

"हिचं नाव काय रे?"

"आई," गणराज पुटपुटला.

गुच्छ खरा कुणासाठी होता, ते छबूबाईंच्या ध्यानात आलं. मग त्यांनी गुच्छ उचलून आई सातोंच्या हातात दिला आणि त्या मोबाइलजवळ तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाल्या, "मलाच म्हनला. मी हायेच तशी खोडीची. तुझं नाव तर तो लय चांगलं काढतो, माय."

यंत्र बोललं. आई सातो कमरेतून वाकल्या, चांगल्या खोलवर. मग मोबाइलमधला एक फोटो त्यांनी छबूबाईंपुढं धरला. चष्मा लावलेली, कपाळाला आठ्या घातलेली एक म्हातारी. "हाहा," त्या म्हणाल्या. "माझी हाहा पण अशी. खूप चूक काढते."

फोटोत हसण्यासारखं काही नव्हतं. पण पाहुणी म्हणतेय म्हणून छबूबाई हसल्या, "हा हा!" आई सातो खूश झाल्या. "हो, हाहा!" मग कुसुमताई हसल्या, सोपानराव हसले आणि उद्धवराव तर सुटकेनं सगळ्यांत मोठ्यानं हसले. त्यांच्या भाषेत आपल्या आईला हाहा म्हणतात, हे गणराजनं सांगितलं तेव्हा हसता हसता छबूबाईंना ठसका लागला.

दुपारी जेवून दोघी परत निघाल्या. कुसुमताई विचारात पडल्या होत्या.

"बरं हाय की त्यांचं. आपल्यात ठेच लागली, चटका बसला, की मग आई आठवती. 'आई गं!' त्यांना नुसतं हसलं तरी आठवत आसंल."

छबूबाई काही बोलणार, एवढ्यात पुढचा टेम्पो चुकवताना जीप धाडदिशी खड्ड्यात आदळली. त्यांचं डोकं टपाला लागलं.

"हाहा गं!" छबूबाई कळवळल्या.