साखर आणि साडेएकवीस टन

एकोणीसशे चौसष्ट साली बेंगळुरात माझ्याइतकी अचूक मापं घेणारा दुसरा कोणी नव्हता. असं मी म्हणायचो आणि प्रयोगशाळेतले सगळे मुकाट्यानं ऐकायचे!

त्या दिवशी यंत्रात अॅल्युमिनियमचं नळकांडं उभं होतं. माणसाएवढं उंच, पत्रा पोस्टकार्डासारखा, आतून बरगड्या ठोकलेल्या. कारखान्यानं तीन महिने खपून ते एकच बनवलं होतं. वरून दाब वाढवत न्यायचा आणि पत्र्यावर चिकटवलेल्या अठ्ठेचाळीस पट्ट्यांवरून ताण मोजायचा. दिल्लीचे पाहुणे अकराला येणार होते. तोवर वीस टनांवर थांबायचं आणि पोचे त्यांच्यादेखत पाडायचे, असं ठरलं होतं.

यंत्रावर कल्लाप्पा. त्याला मराठी बेताचं, म्हणून मी 'घाल'साठी कानडी शब्दच ठरवून दिला, "मी 'हाकु' म्हटलं की अर्धा टन घाल. मी म्हणेपर्यंत हात लावू नकोस."

"सरी, अण्णा!" म्हणून तो माझ्याकडे पाठ करून बसला.

साडेएकोणीस टन झाले. मी मापं लिहीत होतो. तेवढ्यात दारात कॉफीवाली यल्लव्वा आली.

"अण्णा, सक्करे?"

यल्लव्वा साखर अशी घालायची, जणू दागिने मोडून आणलीय! मी मान वर न करताच आणखी मागत म्हणालो, "हाकु! हाकु! इन्नू हाकु! हाकु!"

धडाम्!

नळकांडं पिळलेल्या धोतरासारखं दिसायला लागलं. यल्लव्वा कपबशी टाकून पळाली. प्रयोगशाळेचे प्रमुख उमाकांतसाहेब धावत आले.

"मल्हारराव, काय झालं?"

"चार वेळा म्हणाले, सर!" कल्लाप्पा म्हणाला.

"मी साखरेचं म्हणत होतो!"

"किती टन साखर?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

पाहुणे वेळेवर आले. त्यांनी तीन प्रदक्षिणा घातल्या. "काय सुबक पोचे पडलेत! किती दाबाला?"

यंत्राचा लाल काटा साडेएकविसावर अडकून राहिला होता. साहेबांचं गणित बावीस सांगत होतं. साहेबांचा जीव भांड्यात पडला.

"आणि शेवटच्या क्षणी ताण किती होता?"

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

"सर, तेव्हा मी... कॉफीत होतो."

शिक्षा म्हणून प्रत्येक पोच्याची खोली मोजायचं काम माझ्याकडे आलं. पोचे एकशे बारा! दोन आठवडे मी नळकांड्यात डोकं घालून होतो.

राजाजीनगरला घरी बायकोनं, सुनंदाबाईंनी, विचारलं, "अहो, हल्ली ऑफिसात करता तरी काय?"

"पोचे मोजतो," मी जरा रुबाबातच म्हणालो.

तिनं माळ्यावरून पोचे पडलेला तांब्या काढून माझ्यापुढे ठेवला. "मोजू नका. काढता येतात का बघा!"